उद्याचे ज्ञान आणि आजची जबाबदारी



कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे एक गृहस्थ काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर मशिदीत थांबून राहिले. सगळे निघून गेल्यावर ते जवळ आले आणि त्यांनी आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. उद्या चांदीचा भाव चढेल की उतरेल, हे आदल्या रात्री सांगणारा कुणी एक मनुष्य एका गटावर संदेश पाठवत होता. तो कुंडली मांडत नव्हता, ताईत देत नव्हता, पैसेही मागत नव्हता. आपण डोळे मिटून उद्याचे चित्र पाहतो आणि या विद्येवर अमेरिकेत सरकारी खर्चाने संशोधन झाले आहे, असे त्याचे म्हणणे होते. पाच वेळा त्याचे सांगणे खरे ठरले होते. सहाव्या वेळी या गृहस्थांना मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम चांदीच्या वायद्यात लावायची होती. ते म्हणाले, "मौलाना, पाच वेळा पारखून घेतलंय. पारखलेली गोष्ट हराम कशी असेल?"

एका शब्दात उत्तर देणे मला शक्य होते. परंतु तसे उत्तर ऐकून मनुष्य मान हलवतो आणि घरी जाऊन आपल्याला हवे तेच करतो. शिवाय त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले होते. पहिला असा की, पाच वेळा खरे ठरणे ही परीक्षा म्हणावी का? दुसरा असा की, एखादी गोष्ट परीक्षेत उतरली म्हणजे ती आपल्यासाठी योग्य ठरते का? हे दोन्ही प्रश्न आज आपल्या अनेक घरांत वेगवेगळ्या रूपांत विचारले जात आहेत, म्हणून त्यांचा येथे सविस्तर विचार करू या.

अमेरिकेतील संशोधनाची गोष्ट खोटी नाही. इंग्रजीत या विद्येला 'रिमोट व्ह्यूइंग' म्हणतात, म्हणजे इंद्रियांच्या आवाक्याबाहेरची, दूरची किंवा उद्याची गोष्ट मनाने पाहणे. 1972 साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुथॉफ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हे प्रयोग सुरू केले. शत्रूची गुपिते घरबसल्या पाहता येतील या आशेने तेथील गुप्तचर आणि लष्करी खात्यांनी त्यावर दोन दशकांत सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. 1995 साली या साऱ्या कामाची तपासणी झाली. तपासणाऱ्यांपैकी संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांना निकाल निव्वळ योगायोगापेक्षा सरस वाटले, तर मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना ते पटले नाही. मात्र मिळालेली माहिती इतकी धूसर होती की, तिच्या आधारे गुप्तचर खात्याला प्रत्यक्ष एकही कारवाई करता आली नाही, असा अंतिम अहवालाचा निष्कर्ष होता. तो प्रकल्प त्याच वर्षी बंद झाला.

चांदीच्या भावाचा प्रयोगही तेथे झाला होता. विटा-खानापूरचे गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले असल्यामुळे चांदीचा भाव आपल्या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक असतो, म्हणून हा प्रयोग आपल्याला लवकर समजेल. भाव चढला तर पाहणाऱ्याच्या हाती उद्या एक वस्तू द्यायची, उतरला तर दुसरी, असे आधी ठरवायचे. पाहणाऱ्याने आज केवळ इतकेच सांगायचे की, उद्या आपल्या हाती कोणती वस्तू येणार आहे. त्याच्या वर्णनावरून आज चांदी घ्यायची की विकायची हे ठरवायचे. 1982 साली टार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने वर्तवलेली नऊच्या नऊ भाकिते बरोबर आली आणि त्यांनी मोठा नफा कमावला. पुढल्या वर्षी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो फसला. पहिल्या वर्षाची कथा आजही सांगितली जाते. दुसऱ्या वर्षाची आठवण मात्र क्वचितच कुणी काढतो.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पाहू. ते फलज्योतिषाचे आहे, दूरदर्शनाच्या साधनेचे नव्हे. परंतु भविष्य जाणण्याचा दावा कसा पारखावा, हे त्यातून स्पष्ट दिसते. 2008 साली कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुण्याचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या जन्मपत्रिका एकत्र करून त्यांतील प्रत्येकी 40 पत्रिका 51 ज्योतिषांना पाठवण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच त्यांना सांगायचे होते. केवळ नाणे उडवले तरी 40 पैकी सुमारे 20 उत्तरे बरोबर येतील, म्हणून निदान 28 उत्तरे बरोबर आली तरच दाव्यात तथ्य मानायचे, हे आधीच ठरले होते. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतील सर्वाधिक बरोबर उत्तरे 24 होती. एका संस्थेने सर्व 200 पत्रिका तपासल्या, तिची 102 उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष 2009 साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वाचकहो, या चाचणीतील आकड्यांपेक्षा तिची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कशाला बरोबर म्हणायचे हे आधी ठरले होते. उत्तरे आधी लिहून घेतली गेली. पत्रिका कुणाची, हे उत्तर देणाऱ्याला माहीत नव्हते. आणि बरोबर आलेल्या उत्तरांइतकीच चुकलेली उत्तरेही मोजली गेली. आपल्या त्या गृहस्थांच्या 'पारखण्या'त यांपैकी काहीच नव्हते. मी त्यांना एक हिशेब सांगितला. समजा, माझ्याजवळ 320 मोबाइल क्रमांक आहेत. आज 160 जणांना मी 'भाव चढेल' असे कळवतो आणि उरलेल्या 160 जणांना 'उतरेल' असे. ज्यांना चुकीचे कळवले त्यांना मी पुन्हा संदेश पाठवत नाही. उरलेल्या 160 जणांचे पुन्हा दोन भाग करतो. मग 80 उरतात, मग 40, मग 20, आणि पाचव्या वेळेनंतर 10. या दहा जणांनी माझे पाचही संदेश खरे होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. मला उद्याचे काहीही ठाऊक नसते, तरी ते दहा जण शपथेवर सांगतील की मला ठाऊक आहे. ते खोटे बोलत नाहीत. त्यांना फक्त उरलेले 310 जण दिसत नाहीत.

"तुमच्या बाबतीत असेच घडले, असे मी म्हणत नाही," असे मी त्यांना सांगितले. "पण असे घडलेले नाही, हे तुम्ही कशावरून सांगाल?" तेव्हा त्यांनी हळूच सांगितले की, सहाव्या संदेशाच्या आधी एका ठराविक ॲपवर खाते उघडून रक्कम भरून ठेवण्याची सूचना त्यांना आली होती.

मी त्यांना सुचवले की, लग्नाची रक्कम महिनाभर जागची हलवू नये. एक वही करावी. रोज रात्री आलेला संदेश तारखेसह शाईने तिच्यात उतरवावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्यासमोर प्रत्यक्ष भाव लिहावा. हे बोलणे मशिदीतील एका वडीलधाऱ्यांच्या कानावर गेले आणि त्यांनी मला हटकले. ते म्हणाले, "अर्राफकडे जाऊन काही विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, ही सही मुस्लिममधील हदीस तुम्हीच आम्हाला सांगता. मग एका मुसलमानाला महिनाभर त्याचे संदेश वाचायला कसे लावता? ज्याला खोटे मानायचे त्याची परीक्षा कशाला?"

हा आक्षेप वजनदार होता. मी त्यावर दोन दिवस विचार केला आणि ज्या घटनेने मला उत्तर मिळाले ती येथे सांगतो. मदीनेत इब्न सय्याद नावाचा एक मुलगा होता. तो अदृश्य गोष्टी सांगतो, अशी त्याची ख्याती झाली होती. सही बुखारी आणि सही मुस्लिममध्ये नोंद आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) हजरत उमर (रजि.) यांच्यासह त्याच्याकडे गेले. प्रेषितांनी (स.) मनात एक गोष्ट धरली आणि ती ओळखण्यास त्याला सांगितले. काही रिवायतींनुसार ती सूरह दुखानशी संबंधित होती. तो 'दुख' एवढेच म्हणू शकला. अर्धा शब्द त्याच्या हाती लागला, पुढे त्याची गती खुंटली. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला बजावले की, तू आपल्या मर्यादेपलीकडे कधी जाणार नाहीस. आणखी एका प्रसंगी तो चादरीत गुरफटून पुटपुटत पडला असताना, त्याला चाहूल लागण्याआधी त्याचे बोलणे ऐकता यावे म्हणून प्रेषित (स.) खजुरीच्या बुंध्यांआडून पुढे सरकत होते. त्याच्या आईने पाहिले आणि त्याला हाक मारून सावध केले. तिने तसे केले नसते तर त्याचे खरे स्वरूप उघड झाले असते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला ती कळू नये, ही दक्षता येथे चौदा शतकांपूर्वी दिसते. याच घटनेच्या आधारे इमाम इब्न तैमिया यांनी फरक केला आहे की, विश्वास ठेवून विचारणे निषिद्ध आहे. परंतु ज्याला खरे-खोटे निवडता येते त्याने दाव्याचे स्वरूप उघड करण्यासाठी विचारणे निषिद्ध नाही. मी वडीलधाऱ्यांना हे सांगितले आणि त्यांची एक अट मान्य केली की, ती वही रोज रात्री माझ्यासमोर लिहिली जाईल, एकट्याने नाही.

पण त्या अर्ध्या शब्दाकडे पुन्हा पाहा, कारण दुसरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. इब्न सय्याद पूर्णपणे चुकला नव्हता. बुखारीतील दुसऱ्या हदीसमध्ये भविष्य सांगणाऱ्यांविषयी म्हटले आहे की, त्यांचे एखादे बोलणे खरे असते, पण त्यात शंभर असत्ये मिसळलेली असतात. याचा अर्थ असा की, भविष्यकथन कधीच खरे ठरत नाही, या गृहीतकावर इस्लामची मनाई उभी नाही. ते कधी खरे ठरेल हे मान्य करूनही मनाई केली आहे. म्हणून "खरे निघाले तर?" या प्रश्नाने ती मनाई डळमळत नाही. समजा, उद्या एखादा मनुष्य डॉ. नारळीकरांच्या चाचणीसारख्या कठोर चाचणीतही उतरला, तर?

तर पहिला प्रश्न न्यायाचा येईल. प्रेषितांनी (स.) गावाबाहेर जाऊन येणाऱ्या काफिल्याला वाटेत गाठण्यास आणि त्याच्याकडून माल विकत घेण्यास मनाई केली आहे. कारण बाजारभाव घेणाऱ्याला ठाऊक असतो आणि विकणाऱ्याला नसतो. असा सौदा झालाच, तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा अधिकार विकणाऱ्याला दिला आहे. एकेकाळी हरिपूरच्या पेवांत हळद साठवून भावाची वाट पाहणारा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. त्याचा अंदाज चुकेल किंवा बरोबर येईल, व्यापाऱ्याचाही तसाच. दोघेही उद्यापुढे सारखेच अज्ञानी आहेत, म्हणून त्यांचा सौदा न्याय्य आहे. त्यांच्यातील एकाला उद्याचा भाव खरोखरच दिसू लागला, तर तो व्यापार करत नसेल. तो काफिल्याला वाटेत गाठत असेल, आणि समोरच्याला सौदा मोडण्याचा अधिकारही उरणार नाही. मुलीच्या लग्नासाठी असा नफा कुणाच्या घरातून येईल, हे विचारायला नको का? जी वस्तू आपल्या ताब्यात नाही ती विकण्याचा दोष वायद्यात आहे, तो वेगळाच.

दुसरा प्रश्न असा येईल की, ज्यांना अल्लाहने खरोखरच दूरचे दाखवले, त्यांनी त्याचे काय केले? आपल्यातील अनेकांना हजरत उमर (रजि.) यांची कथा आठवेल. मदीनेत मिंबरवर खुत्बा देताना त्यांनी दूरच्या रणभूमीवरील सेनापती सारिया यांना डोंगराकडे वळण्यास हाक दिली आणि ती तेथे ऐकू गेली, असे बैहकी आदींनी नोंदवले आहे. मी ही करामत नाकारत नाही. परंतु त्याच हजरत उमर (रजि.) यांच्यावर हिजरी 23 मध्ये फज्रच्या नमाजमध्ये अबू लुलूने खंजीर चालवला, तेव्हा तो मारेकरी त्यांना दिसला नाही. शेकडो कोसांवरचे दिसले आणि काही हातांवरचे दिसले नाही, कारण दाखवणारा दुसरा होता. त्यांनी त्या घटनेची विद्या बनवली नाही. सैन्याच्या खबरा ते आपल्या माणसांकडून आणि पत्रांतूनच घेत राहिले.

स्वतः प्रेषितांना (स.) मेराजनंतर कुरैशांच्या प्रश्नांच्या वेळी बैतुल मकदिस समोर दाखवण्यात आले. तरीही एका प्रवासात हजरत आयशा (रजि.) यांचा कंठहार हरवला, तेव्हा पाणी नसलेल्या जागी सारा काफिला शोधासाठी थांबून राहिला, तयम्मुमची आज्ञा त्याच प्रसंगी आली. मग उंट उठवला, तेव्हा हार त्याच्याखालीच सापडला. सूरह आराफमध्ये त्यांना जाहीर करायला सांगितले आहे की, मला गैबचे ज्ञान असते तर मी आपल्यासाठी पुष्कळ भले मिळवले असते आणि मला कोणतीही हानी पोहोचली नसती. सूरह सबामध्ये तर जिन्नांचीच स्थिती सांगितली आहे. हजरत सुलैमान (अलै.) काठीला टेकून मृत्यू पावले होते आणि जिन्न पुढे कष्ट उपसत राहिले. वाळवीने काठी खाल्ली, देह कोसळला, तेव्हा त्यांना कळले. जे आपल्या समोर उभा असलेला मृत्यू पाहू शकले नाहीत, त्यांच्याकडून आपण चांदीचा भाव विचारावा काय?

यावरून कुणी असे समजू नये की, उद्याचा विचार करणेच गैर आहे. आपण कृष्णाकाठची माणसे आहोत. आयर्विन पुलावर पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हे सांगलीतील लहान मुलालाही ठाऊक असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेले. कोयनेतून किती विसर्ग सोडला, पाणलोटात किती पाऊस पडला, यावरून उद्याची पातळी सांगणारा अभियंता गैब सांगत नसतो; आज दिसणाऱ्या कारणांवरून तो परिणाम मोजत असतो. त्याचा हिशेब कुणालाही तपासता येतो आणि चुकला तर चूक कोठे झाली, हेही सापडते. त्याचा इशारा ऐकून सामान वरच्या मजल्यावर हलवणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण तिरमिजीतील हदीसमध्ये आहेच. फरक येथे आहे की, अंदाज आपल्या हाती काम देतो, तर भविष्यकथन आपल्या हातातील निर्णय काढून घेते.

येथे मला स्वतःविषयीही एक कबुली दिली पाहिजे. ती वही रोज लिहून घेताना माझ्या ध्यानात आले की, खऱ्या ठरलेल्या स्वप्नांचे किस्से मी मिंबरवरून अनेकदा सांगितले आहेत. खरे न ठरलेले स्वप्न एकदाही सांगितले नाही. खरे स्वप्न ही शुभवार्ता आहे, हे हदीसने सिद्ध आहे. परंतु निवडून सांगितलेल्या किश्शांमुळे ऐकणाऱ्याला वाटू लागते की, प्रत्येक स्वप्न खरेच होते. सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर आणि देताना कमी मापणाऱ्यांचा धिक्कार केला आहे. अनुकूल तेवढे मोजणे आणि प्रतिकूल ते गाळणे, हेही मापात पापच आहे. तराजू दुकानात असतो तसा जिभेतही असतो. मी ते थांबवले आहे.

महिन्यानंतर ते गृहस्थ वही घेऊन बसले. काही ओळींसमोर बरोबरची खूण होती, काहींसमोर चुकीची. परंतु त्यांना वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ केले होते. वहीत लिहिलेले कितीतरी संदेश मोबाइलवरील गटात आता नव्हतेच. जे चुकले ते पाठवणाऱ्याने मागाहून पुसून टाकले होते, आणि नवा येणारा माणूस गट उघडून पाहील तेव्हा त्याला सगळे खरे ठरलेलेच दिसणार होते. वहीवर हात ठेवून ते म्हणाले, "मौलाना, हे लिहिलं नसतं, तर मीही हेच सांगितलं असतं की हा कधी चुकत नाही."

मी त्यांना किरामन कातिबीनची आठवण करून दिली. आपल्या खांद्यांवरचे ते सन्माननीय लेखक आपले बरेही लिहितात आणि वाईटही, आणि त्यातले काही पुसणे आपल्या हाती नाही. तौबेनंतर पुसणारा केवळ अल्लाह आहे. ज्यांचा विश्वास अशा नोंदीवर आहे, त्यांनी या जगातही अर्धी नोंद का स्वीकारावी?

वाचकहो, आपल्या घरात असा संदेश आला, तर मुलांवर ओरडू नका. वही आणि पेन द्या, आणि कुणीतरी समंजस माणूस त्यांच्यासोबत बसवा. निर्णय अवघड असेल तर जाणत्यांशी मशवरा करा आणि इस्तिखाराची नमाज पढा. इस्तिखारा म्हणजे उद्या काय होणार हे विचारणे नव्हे. त्या दुआत बंदा कबूल करतो की, या अल्लाह, तू जाणतोस आणि मी जाणत नाही. जे भले असेल ते माझ्यासाठी सोपे कर आणि त्यावर मला समाधान दे. आपले अज्ञान मान्य करून जबाबदारीने पाऊल टाकणे, हीच मोमिनची रीत आहे.

त्या मुलीचा निकाह गेल्या महिन्यात आमच्याच मशिदीत साधेपणाने झाला. चांदीचा भाव त्या दिवशी काय होता, हे तिच्या वडिलांनी पाहिले नव्हते.

अल्लाह आपल्या सर्वांना सत्य पूर्णपणे सांगण्याची आणि आजचे कर्तव्य आज पार पाडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.